जुनाच तुकडा

पर्वत पाटियाच्या चौकात सिग्नलला थांबून योगिता सोनवणे मोपेडच्या तारेत अडकलेला मांजा सोडवत होती. उत्तरायणाच्या आठवड्यात सुरतेत दुचाकीवाले हँडलला अशी कमानदार तार लावूनच बाहेर पडतात, नाहीतर कापलेल्या पतंगाचा मांजा गळ्याला कधी लागेल त्याचा नेम नसतो. हा मांजा गुलाबी होता, काच लावलेला, आणि हातमोजे होते म्हणून तिची बोटं वाचली. तेवढ्यात पर्समध्ये फोन टिंग करून वाजला. सकाळचे सव्वानऊ झाले होते. मेल कुठून आला असेल ते तिला ठाऊक होतं. युनिव्हर्सिटीत पोचून, चहा घेऊन, आपल्या खुर्चीत बसून तो आरामात उघडता आला असता. पण निकालांवर वाढलेल्या माणसाला एवढा दम कुठून निघायचा! तिने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि मेल तिथेच उघडला.

डीएनए वाचून देणाऱ्या कंपनीचा अहवाल दोन पानांचा होता. कोइमतूरच्या एका प्रयोगशाळेने तिच्याकडे तिचा प्लाझ्मिड मागितला होता, आणि हल्ली असं काही पाठवायचं तर आधी तो अक्षर न् अक्षर वाचून घ्यावा लागतो. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या पोटातलं डीएनएचं एक लहानसं कडं. ते बाहेर काढता येतं, दोन ठिकाणी कापता येतं, मधला तुकडा टाकून त्या जागी दुसरा बसवता येतो, कडं पुन्हा सांधता येतं आणि जीवाणूच्या पोटात परत सोडता येतं. मग जीवाणू वाढतात आणि आपल्याला हव्या तेवढ्या प्रती करून देतात. योगिताच्या कड्यात उसाला लाल कूज या रोगापासून वाचवणारा जनुक होता. जनुकाच्या पुढ्यात आठशे-साडेआठशे अक्षरांचा एक तुकडा असतो, दिव्याच्या बटणासारखा. तो जेवढं म्हणेल तेवढाच जनुक पेटतो. जुना तुकडा उसात मिणमिणता चालायचा. योगिताने तो काढून त्या जागी उसाचाच एक दमदार तुकडा बसवला होता. निदान साडेचार वर्षं ती तसं सांगत आली होती, तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तसं छापलेलं होतं, आणि नावापुढे लागलेल्या डॉक्टर या शब्दाचा बराचसा भार त्या तिसऱ्या प्रकरणावर होता. अहवालात पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुनाच तुकडा बसलेला होता. नवा कुठेच नव्हता.

"ओ बेन, ऊंघी गया के? चालो ने!" मागून रिक्षावाला ओरडला. सिग्नल हिरवा होऊन गेला होता. तिने मोपेड ढकलत कडेला घेतली, साड्यांचे गठ्ठे उतरवणाऱ्या टेम्पोमागे उभी केली आणि अहवाल पुन्हा वाचला. माणसाचं मन असल्या वेळी भलतंच चपळ असतं. पहिल्या दहा सेकंदांत तिच्या मनाने तीन जणांना आरोपी करून टाकलं. वाचणाऱ्यांनी नमुने बदलले असतील. फ्रीझर साफ करताना कुणीतरी डबे हलवले असतील. मागच्या उन्हाळ्यात दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा काही झालं असेल. पण वीज गेली म्हणून एका तुकड्याच्या जागी दुसरा तुकडा येत नाही, आणि त्या इवल्याशा नळीच्या टोपणावर हिरव्या शाईत तिचंच अक्षर होतं: यो, चार. चौथी वसाहत, म्हणजे बशीत उगवलेला जीवाणूंचा चौथा ठिपका. ती नळी तिच्याशिवाय कुणी भरली नव्हती. आरोपी एकेक करून निघून गेले आणि टेम्पोमागे ती एकटीच उरली. मग तिला वैशाली आठवली, जिच्या हातात तिने ती नळी दिली होती, आणि तिने मोपेडचा आरसा धरला.

युनिव्हर्सिटीला जायचं तर डावीकडे वळायचं होतं, शहर पार करून पलीकडच्या टोकाला. योगिता सरळ निघाली, कडोदऱ्याच्या रस्त्याने. आपण चलथाणला, वैशालीकडे चाललो आहोत हे तिने स्वतःला सांगितलं नाही. सारोलीच्या कापड मार्केटांच्या काचा उन्हात चमकत होत्या, उसाच्या ट्रकांमधून सांडलेलं वाळकं पाचट रस्त्यावर उडत होतं, आणि डोक्यात कोइमतूरला पाठवायचा मेल आपोआप तयार होत होता. क्षमस्व, आमच्याकडचा साठा खराब झाला आहे. एवढं एकच वाक्य. कुणी विचारणार नव्हतं. प्लाझ्मिड खराब होतात, डबे हरवतात, माणसं दुसरीकडे निघून जातात. अहवाल तिच्या एकटीच्या नावावर आलेला. तो पुसायला बोटाचं एक टोक पुरे होतं. वाक्य इतकं घडीव निघालं की तिला स्वतःचीच शिसारी आली, आणि तरीही पुढच्या किलोमीटरभर तिने त्यात एक आदरार्थी शब्द वाढवून पाहिला.

ती नळी तिने भरली तो शनिवार होता, साडेचार वर्षांपूर्वीचा. श्रावणातला, कानबाईच्या आदल्या दिवशीचा. सुरतेतल्या लिंबायतच्या खानदेशी गल्ल्यांमधून कानबाई म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. रविवारी देवी बसते, सोमवारी वाजतगाजत जाते, आणि शनिवारी घरोघर रोटांची, देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांची, तयारी असते. माणसांमागे मुठी मोजून घेतलेले गहू, न्हाऊनच दळायचे, न बाटवता मळायचे. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, भाऊबंदांत, संपेपर्यंत. परक्याच्या तोंडी त्याचा कण जाता कामा नये. त्या शनिवारी योगिताच्या आईचा, प्रमिलाबाईंचा, दुपारी दोनपासून चार वेळा फोन आला होता. "कव्हय येशी व माय? दळन तसंच पडेल शे. तू न्हाईसन बससी तव्हय जातं फिरी." योगिता म्हणत होती, येस, येस, आत्ते निंघस. समोर जेलच्या डब्यात वीज सुरू होती आणि तिच्या प्लाझ्मिडचे कापलेले तुकडे त्या लिबलिबीत चकतीतून मुंगीच्या पावलाने, आखूड पुढे आणि लांब मागे असे, सरकत होते. सहा आठवडे ती या कड्यामागे होती. दोनदा सांधा जमला नव्हता, एकदा बशीत एकही वसाहत उगवली नव्हती. या वेळी बशीत तेरा वसाहती आल्या होत्या आणि त्यांतल्या सहा तिने वाढवल्या होत्या.

साडेतीनला तिने जेल निळ्या दिव्याखाली धरला. चौथ्या रांगेत, साडेआठशेच्या आसपास, पट्टा होता. स्वच्छ, ठसठशीत. तिने एकटीनेच टाळी वाजवली. आता गोम अशी होती की जुना तुकडा आठशे पस्तीस अक्षरांचा आणि नवा आठशे पन्नासचा. एवढा फरक त्या जेलात दिसत नाही. दोन्ही एकाच उंचीवर उभे राहतात, जुळ्या भावांसारखे. कापताना काही कडी न कापता तशीच राहिली असतील, तर तीही जीवाणूत शिरतात, तीही वाढतात, तीही असाच ठसठशीत पट्टा देतात. म्हणून आणखी एक चाचणी करायची असते. फक्त नव्या तुकड्यालाच मधोमध कापणारं एक विकर घालायचं आणि पट्ट्याचे दोन होतात का ते बघायचं. तिने स्वतःच वहीत ती ओळ आखून ठेवली होती, शेवटी चौकोन काढून. दीड तासाचं काम. पाचव्यांदा फोन वाजला. ती चाचणी मंगळवारी आल्या आल्या करू, असं तिने ठरवलं, चौथी नळी उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवली, टोपणावर हिरव्या शाईने लिहिलं आणि धावत बस पकडली. घरी न्हाऊन जात्याला बसली तेव्हा तिला काय आनंद झाला होता! आई ओव्या म्हणत होती, गव्हाचा वास सुटला होता, आणि आपल्या हातून आज काहीतरी जन्माला आलं आहे असं तिला वाटत होतं.

तिचे वडील, भाईदास सोनवणे, लिंबायतमध्येच मागांच्या कारखान्यांत बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, सांधायचे. मागावरचं एक बीम संपलं की नव्या बीमाच्या हजारो तारा जुन्या तारांच्या टोकांना एकेक करून गाठायच्या. चिमटीत राख घेऊन, बोटांनी पीळ देऊन. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. ती शाळेत असताना डबा घेऊन जायची तेव्हा गाठणं संपलेलं असायचं, मालक जा म्हणायचा, बाकीचे विडी ओढायला गेलेले असायचे, आणि वडील मागापुढे उकिडवे बसलेले असायचे. "हातभर कापड निघू दे, मंग उठसू," ते म्हणायचे. कापड निघायचं, त्यावर ते डोळा फिरवायचे, एखादी तार चुकली असली तर तिथल्या तिथे उसवायची. तिला तेव्हा त्या हातभर कापडाचा वैताग यायचा. डबा गार व्हायचा. कडोदऱ्याच्या रस्त्यावर तिला रडू आलं, ते वडिलांच्या आठवणीने आलं असं ती धरून चालली. ते आता जिवंत नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी रडणं सोपं होतं.

कानबाईनंतरच्या त्या मंगळवारी ती युनिव्हर्सिटीत पोचली तेव्हा वैशाली जाधव पायरीवरच बसलेली होती. वैशाली जालन्याकडची. वडील बांधकामावर मुकादम, कामरेजला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचे, आणि ही त्यांची पोरगी शिष्यवृत्तीवर उसाच्या उती वाढवायला शिकली होती. अख्ख्या विभागात मराठी बोलणाऱ्या त्या दोघीच. वैशाली पहिल्या आठवड्यापासून तिला ताई म्हणायला लागली होती, आणि योगिताला ते इतकं आवडलं होतं की ती जेवणाचा डबा दोघींपुरता आणायला लागली होती. त्या दिवशी डब्यात तिने रोटाचा एक तुकडा लपवून आणला होता. आईने पाहिलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. "ताई, हे बाहेरच्यांना चालत नाही म्हणतात ना?" वैशालीने विचारलं. "तू कुठली बाहेरची? तू घरचीच," योगिता म्हणाली. वैशालीचे डोळे भरून आले. दोन्ही हातांत धरून तिने तो रोट खाल्ला, कणसुद्धा सांडू दिला नाही. मग तोंड पुसून म्हणाली, "ताई, झालंय का तुझं? माझ्या गाठी तयार व्हायल्यात, दोन दिवसांत टाकावं लागतंय." आणि योगिता आत गेली, उणे वीसमधून चौथी नळी काढली आणि वैशालीच्या तळहातावर ठेवली. ती चाचणी राहिली. मंगळवारी राहिली, बुधवारी राहिली, आणि मग नळी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर ती करायची गरज असल्यासारखं वाटेना.

पुढचं दीड वर्ष वैशालीचं होतं. उसाच्या कोवळ्या पानांच्या गाठी वाढवायच्या, त्यांत प्लाझ्मिड सोडायचा, औषधाच्या बशीत ठेवून जगतील त्या निवडायच्या, त्यांना कोंब फोडायचे, मुळ्या फोडायच्या, मग हरितगृहात कुंड्यांत लावायचं. दोन रांगा होत्या. एका रांगेत जुन्या तुकड्याचा मूळ प्लाझ्मिड, तुलनेसाठी. दुसरीत योगिताने दिलेला. रविवार नाही, दिवाळी नाही. कामरेजहून दोन रिक्षा बदलून ती सकाळी साडेसातला हजर असायची. बशीत बुरशी आली तर बशीशी बोलायची. रोपं कमरेएवढी झाल्यावर तिने त्यांना रोग टोचला आणि दीड महिन्याने ऊस उभे चिरले. दोन्ही रांगांतले ऊस आतून लाल निघाले, मध्ये पांढरे ठिपके, आणि आंबट दारूसारखा वास. जनुक किती पेटला त्याचे आकडे काढले, तेही दोन्ही रांगांत सारखे, दशांश चिन्हापुढेसुद्धा सारखे. तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा सारखे. आज कडोदऱ्याच्या रस्त्यावर योगिताला कळत होतं की त्या पोरीचा हात किती नेमका होता. दोन्ही रांगांत एकच वस्तू घातली होती आणि तिला दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं होतं, तेही कसलीही सरमिसळ न होता. एवढं खरं उत्तर त्या विभागात त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल.

त्यांचे मार्गदर्शक भूपेंद्रसर माणूस वाईट नव्हते. पण अहवाल द्यायची तारीख जवळ आली होती. सोमवारच्या बैठकीत त्यांनी आकड्यांचा कागद टेबलावर आपटला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वैशालीबेन, आपने एक ही चीज दोनों में डाल दी है. और क्या? ये हाथ का काम है. किसी के हाथ में होता है, किसी के हाथ में नहीं होता." वैशालीने मान खाली घातली. तिने योगिताकडे पाहिलं की नाही, हे योगिताला आठवत नव्हतं, कारण ती स्वतः तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. तेव्हापासून वैशाली कामाला बसण्याआधी हात तीनतीनदा धुवायची. नखं मुळापर्यंत कापायची. एकदा योगिताने तिला हरितगृहामागे पाहिलं, तर ती दोन्ही तळवे उन्हात धरून उभी होती आणि त्यांच्याकडे नुसती टक लावून बघत होती. फेब्रुवारीत तिने नाव काढून घेतलं. वडिलांनी लगेच स्थळ पाहिलं. नवरा चलथाणच्या साखर कारखान्यात फिटर, आणि तिथेच रसाच्या प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. लग्नाला योगिता गेली होती, कुकर घेऊन. वैशालीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "ताई, तुझा लई वेळ वाया घातला मी." योगिताने तिला उठवून जवळ घेतलं. काय म्हणाली होती ती तेव्हा? म्हणाली होती, असू दे गं.

आणि या सगळ्यात एक दुपार होती, जिच्याजवळ आली की योगिताची आठवण मोपेडसारखी कडेने निघून जायची. कामाला सात महिने झाले असतील. उती वाढवायच्या खोलीबाहेर वैशाली चपला घालत होती. म्हणाली, "ताई, एक विचारू? माझे दुसरे नमुने वाचायला बेंगळुरूला जायलेत. त्यातच हा प्लाझ्मिडपण टाकू का? एकदा वाचून घेतलेला बरा." विचारणं अगदी रास्त होतं. कुणीही विचारलं असतं. खरं तर न विचारणंच चूक. योगिता हसली आणि म्हणाली, "माझ्या हातचं आहे ते. घरच्यावर एवढाही भरवसा नाही का?" वैशाली शरमली. "तसं नव्हतं गं म्हणायचं मला," असं म्हणत तिने योगिताचा हात दाबला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. जिला देवीचा रोट खाऊ घातला, ती आणखी काय बोलणार? इथपर्यंत योगिता आठवायची. त्यानंतर ती आपल्या टेबलाशी गेली, एवढंही आठवायची. पुढे कडोदरा आला, उड्डाणपुलाखाली ट्रकांची रांग लागली, पोलीस हात दाखवत होता, आणि तिकडे लक्ष द्यावं लागलं.

कारखान्याच्या फाटकावर वहीत नाव लिहावं लागलं. भेटीचं कारण या रकान्यात तिने आधी 'खासगी' लिहिलं, मग ते खोडून 'कामाचं' लिहिलं. आत उसाने भरलेल्या गाड्या उभ्या होत्या, मळीचा गोड-कडवट वास अंगाला चिकटत होता, आणि गाळपाचा आवाज जमिनीतून पायांत येत होता. लिंबायतच्या मागांसारखाच, फक्त जाड. रसाची प्रयोगशाळा जिन्यावर होती. वैशाली पांढऱ्या कोटात खिडकीपाशी उभी होती, अंगाने थोडी भरली होती, मंगळसूत्र कोटाच्या आत खोचलेलं. तिने एक डोळा मिटून यंत्रात पाहिलं, आकडा लिहिला, वळली आणि तिचा चेहरा असा काही फुलला की योगिताला वाटलं, अजून वेळ आहे, पोंक, सुरतेचा कोवळा हुरडा, घेऊन आले होते म्हणावं आणि चहा पिऊन परत जावं. पण पोंक तिने आणलाच नव्हता.

"ताई! तू? इकडं कशी काय? बस की. उभी काय राहिलीस!"

योगिता बसली नाही. बसलं तर बोलता येणार नाही असं तिला वाटलं. तिने फोन काढला, अहवाल उघडला आणि तिच्यासमोर धरला. समजावून सांगायची गरज पडली नाही. वैशालीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, कड्यावरून नजर फिरवली, त्या तुकड्यापाशी आली आणि थांबली. तिचे ओठ हलत होते. ती अक्षरं मोजत असावी. बाहेर कुणीतरी एक गाडी उपडी केली आणि धडधडत ऊस पडला.

"जुनाच आहे," वैशाली म्हणाली.

"हो."

"माझ्या दोन्ही रांगांत एकच होतं."

"हो. तुझा हात बरोबर होता वैशाली. चूक माझी. पहिल्यापासून माझी. मी सरांना आजच लेखी देणार आहे. प्रबंधाचं काय व्हायचं ते होईल. पण आधी तुला सांगायला आले."

वैशालीने फोन टेबलावर ठेवला. रडेल असं योगिताला वाटलं होतं, ओरडेल असंही वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर रस्ताभर तिने मनातल्या मनात या दोन्हींची उत्तरं तयार केली होती. वैशालीने दोन्ही तळवे उघडून पुढे धरले आणि दुकानातली वस्तू बघावी तसे उलटेसुलटे करून पाहिले. "तीन उन्हाळे झाले," ती म्हणाली, "घरात लोणचं सासूबाई घालतात. मी बरणीला हातच लावत नाही. त्या बिचाऱ्या काही म्हणत नाहीत, मीच सांगितलं त्यांना, माझ्या हाताला नासतं म्हणून. भाजीला फोडणीसुद्धा घालताना..." ती थांबली. "लेकरू होऊ दे म्हणायलेत सगळे. मी म्हणते, थांबा. कशाला थांबा म्हणते, ते नवऱ्याला सांगता येत नाही."

योगिता म्हणाली, "चूक झाली गं माझ्याकडून," आणि म्हणतानाच तिला वाटलं की चूक हा शब्द किती मऊ आहे, त्यावर माणसाला आरामात लवंडता येतं.

वैशालीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आकडा वाचताना असते तशी होती. "मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "चपला घालताना. वाचायला टाकू का म्हटलं होतं. तुला त्या दिवशी शंका आली होती का, ताई?"

आता ती दुपार चुकवायला रस्ता उरला नव्हता. योगिता हसून टेबलाशी गेली होती, हे खरं. मग तिने वही काढली होती. कानबाईच्या आदल्या शनिवारचं पान उघडलं होतं. सगळ्या ओळींपुढच्या चौकोनांत खुणा होत्या आणि शेवटच्या ओळीपुढचा चौकोन कोरा होता. कितीतरी वेळ ती त्या चौकोनाकडे बघत बसली होती. महिन्याने प्रबंध द्यायचा होता. विकर फ्रीझरमध्ये होतं. दीड तासाचं काम होतं, आणि त्या दीड तासाच्या शेवटी पट्टा एकच राहिला असता तर तिचं तिसरं प्रकरण गेलं असतं, एक वर्ष गेलं असतं, घरी आईला सांगावं लागलं असतं. वैशालीचे सातच महिने गेले असते. सात महिने परत मिळवता येतात. मग तिने खिशातलं पेन काढलं होतं. निळं होतं, आधीच्या खुणा काळ्या होत्या, म्हणून ते ठेवून तिने काळं शोधलं होतं.

"हो," योगिता म्हणाली. "आली होती. ती चाचणी मी केलीच नव्हती. तू विचारलंस त्या दिवशी मी वही उघडली. चौकोन कोरा होता. मी तिथे खूण केली."

यंत्राशेजारी रसाची एक नळी फेसाळून निवत होती. वैशाली नमुन्यांच्या वहीशी गेली, तिने वही मिटली, पुन्हा उघडली.

"खूण करताना," तिने विचारलं, "तुझा हात थरथरला का गं?"

योगिताने आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. एवढं तरी तिला देणं लागत होतं.

"नाही," ती म्हणाली.